सोआवेसोबत काय वाढावं

बुचाचा अर्धा तुकडा आता बाटलीच्या आत तरंगत होता, हिरवट काचेमागे, तुडुंब विहिरीतल्या बेडकासारखा निवांत. उरलेला अर्धा ओट्यावर भुगा होऊन पडला होता, त्याच्या शेजारी कारभाऱ्यांची पक्कड आणि एक लांब स्क्रू. म्हणजे बाटली आता पुन्हा बंद होणार नव्हती, म्हणजे ती उघडली हे लपणार नव्हतं, आणि उघडली तर कशाला उघडली हे सांगावं लागणार होतं – शीतलला, शीतलच्या बापाला, आणि ज्याने ती पाठवली होती त्या आर्यनलाही.

पण चव न बघता वाढायचं कसं? तळहातावर थेंब घेऊन चाखल्याशिवाय दैवशालाबाईंनी कधी साधं वरणसुद्धा ताटात जाऊ दिलं नव्हतं. मागच्या खेपेला शीतलने पिशवीतून ही बाटली काढली होती ती मुगाची डाळ काढावी तशी, आणि म्हणाली होती, "आर्यननं तुझ्यासाठी दिलीय, आई. इटलीची वाइन आहे. भारीतली नाही, तिकडे साध्या घरात रोजच्या जेवणाबरोबर असते. हिच्यासोबत काय खायचं ते तू ठरव." वर लिहिलेलं नावही तिने वाचून दाखवलं – सोआवे. सोवळ्याच्या अगदी जवळ जाऊन ऐन वेळी भलतीकडे वळलेलं नाव... दैवशालाबाईंनी ती गव्हाच्या कोठीत दडवली, आणि काल फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे.

आज शीतल आणि तिने लग्नासाठी निवडलेला आर्यन पुण्याहून येणार होते. गाडीला बराच अवकाश असताना कारभारी बदनापूर स्टेशनवर जाऊन बसले होते, कारण घरी थांबलं तर बायको काहीतरी विचारील. नवऱ्याचं नाव घेऊ नये अशा वळणात दैवशालाबाई वाढलेल्या, पण नावच कारभारी असल्यामुळे ते न घेता घेतलं जाई, आणि कारभार मात्र सगळा त्यांनी आपल्याकडे ठेवलेला. म्हशीपासून मिक्सरपर्यंत काहीही आणताना बायकोचं मत त्यांना लागलं नव्हतं. आर्यन आपल्यातला नाही, यावर मात्र ते कितीतरी दिवस मुके झाले, आणि परवा जेवून हात धुताना एकाएकी म्हणाले, "तुला पटला त मला पटला." एवढं बोलून टॉवेलला हात पुसत बाहेर गेले – जणू पोतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं.

पटला... एका जेवणात माणूस पटतो कसा? काय बघायचं त्याचं – नाक? पगार? हो म्हणावं आणि पोरगी उद्या रडत यावी. नाही म्हणावं आणि ती यायचीच बंद व्हावी...

त्यांनी वाटीत थोडं ओतलं आणि घोट घेतला. आंबट. नासली! कोठीत ठेवली म्हणून नासली. खरंच नासली का, हे बघायला दुसरा घोट घ्यावा लागला, आणि त्यात आंबटाच्या मागून काहीतरी आलं – जाफराबादला माहेरी, कैरीची बाठ चोखून चोखून पांढरी झाली की शेवटी जिभेवर उरायचं तसं, कोवळं, हिरवं. ते निसटलं म्हणून तिसरा.

मग परीक्षा सुरू झाली. सकाळीच वाटून ठेवलेलं पुरण बोटभर घेऊन वर घोट – खोकल्याचं औषध. मिरचीचा ठेचा – डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. भरलं वांगं आणि सोआवे तर जावाजावांसारखी एका तोंडात असूनही एकमेकींशी बोलेनात. मी काय करून राह्यले हे, भर सकाळी, उपाशीपोटी... पण उपाशीपोटी हे आठवलं आणि नेमके पाय हलके वाटू लागले.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या द्वारकाबाई विरजण मागायला आल्या.

"काय पिऊन राह्यली गं?"

"सरबत."

द्वारकाबाईंनी त्यांच्या हातातून वाटी घेतली, एक घोट घेतला, बाटलीकडे बघितलं, पक्कडीकडे बघितलं. तेवढ्या अवधीत दैवशालाबाईंच्या डोळ्यांपुढून सगळं बदनापूर गेलं – भजनी मंडळ, दूध डेअरी, कीर्तनाला पुढे बसणाऱ्या बायका – आणि प्रत्येकीच्या तोंडाला पदर.

"पुतण्याच्या लग्नात नाशिकला पेल्ते मी," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "ती गोड होती. ही बरी हाये. कशासंगं देती?"

"तेच त कळून न्हाई राह्यलं."

पोटात आता चांगलीच आग पडली होती. दैवशालाबाईंनी सवयीने कालची भाकर घेतली, कुस्करली, कांदा-लसणाची फोडणी दिली, वर लिंबू पिळलं. हे त्यांचं स्वतःचं खाणं होतं; सगळे जेवून उठले की ओट्यापाशी उभ्याने खायचं, कुणाच्या ताटात कधीही न गेलेलं. दोघींनी एकाच कढईतून खाल्लं आणि वर एकेक घोट घेतला. लिंबाला त्या आंबटाने ओळखलं होतं, लसूण मवाळ झाला होता, आणि शिळी भाकर... ती शिळी असल्याचं जणू कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"हेच," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पाव्हण्याला शिळी भाकर?"

"मंग पुरण दे अन् गपचूप बस." विरजण घेऊन त्या निघून गेल्या.

स्टेशनवरून फोन आला. गाडी आली होती, रिक्षा मिळाली होती. मग कारभाऱ्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं की पोरगा स्वतःची बॅग स्वतः उचलून राह्यला, शीतलची बी उचलून राह्यला, हे बराबर असतं का. दैवशालाबाई म्हणाल्या, घेऊन या.

बाटलीत पाणी घालून ती भरलेली दाखवता येईल, हा विचार आला आणि त्यांना तो इतका थोर वाटला की हसू फुटलं. त्यांनी डब्यातल्या उरलेल्या सगळ्या भाकरी काढल्या आणि कुस्करायला घेतल्या. आजच्या प्रश्नाला द्यायची उत्तरं त्यांनी किती दिवस घोकली होती – होकार कारणांसह, नकार कारणांसह, नणंदेला सांगायचं ते वेगळंच. आता ती शोधायला गेल्या तर मनात एकही सापडेना. नुसता कांद्याचा वास होता, आणि तळाशी एक गार, वेडगळ मोकळेपणा... हे वाटीतलं की आपलं?

रिक्षा गल्लीत वळल्याचा आवाज आला, तरी त्या आरशाकडे गेल्या नाहीत. जेवणं होतील, हात धुताना कारभारी विचारतील, आणि आपल्या तोंडून काहीतरी निघेल – काय निघेल, ते ऐकायची दैवशालाबाईंना स्वतःलाच उत्सुकता लागली होती.