बत्तिसावा ख्वान

सकाळचा उजेड माझ्या खोलीत सरळ येत नाही. तो आधी मेकाँगच्या गढूळ पाण्यावर पडतो, तिथून छताच्या फळ्यांवर चढतो आणि बराच वेळ तिथेच हलत राहतो, निवत ठेवलेल्या दुधावरची साय थरथरावी तसा. मग तो भिंतीवरून उतरू लागतो: आधी मच्छरदाणीची गाठ, मग खिळ्याला टांगलेला सदरा, मग खुर्चीची पाठ. खुर्चीपर्यंत येईतो त्याचा पिवळेपणा गळून गेलेला असतो. सहा वर्षे मी हा उजेड पाहतो आहे. कोणत्या घटकेला तो कशावर असेल, हे मला डोळे मिटूनही सांगता येते. आणि तरीही कोणी विचारले, तर मी म्हणतो, मी प्रवासात आहे.

त्या सकाळी तो टेबलावरच्या पासपोर्टवर आला आणि मी उठून खिळ्यावरचा सदरा काढला. मुक्कामाची मुदत त्या दिवशी संपत होती. माझ्यासारखे पुष्कळजण करतात तेच मलाही करायचे होते: पूल ओलांडून लाओसमध्ये जायचे, पलीकडे तासभर काढायचा आणि नवा शिक्का घेऊन अलीकडे, नोंग खाय या थाई गावी परतायचे. परंतु मागच्या खेपेस खिडकीतल्या अधिकाऱ्याने माझे शिक्के बोटाने मोजले होते. "पुढच्या वेळी आत सोडतीलच, असं धरून चालू नका," तो म्हणाला होता.

खाली घरमालकीण लमदुअन मावशी पांढरा दोरा घेऊन बसल्या होत्या.

"गातिस," त्यांनी मला हाक मारली, "हात दे इकडे."

"मावशी, दुपारपर्यंत येतोय मी."

"तू येशील रे. तुझ्या ख्वानांचा काय भरवसा? तुझ्यासारखेच वेंधळे. बसतील कुठेतरी पाणी बघत."

माणसात बत्तीस ख्वान असतात, जिवाचे बत्तीस अंश. निघताना एखादा मागे रेंगाळतो, म्हणून त्यांना हाका मारून मनगटाशी बांधायचे. मावशींनी त्यांना नदीवरून परत बोलावले, बाजारातून बोलावले, आणि मग त्या मध्येच थांबल्या.

"तुझ्या गावच्या घरी अडकला असेल एखादा. कोण आहे तिथे?"

"आई," मी घाईने म्हणालो. "लिएपायात. पार दुसऱ्या खंडात, समुद्राजवळ."

"मग तिलाच सांगते, बाई, सोड त्याला." त्यांनी गाठ मारली. "आणि पलीकडचा पाव आण. ताजा बघून. मागच्या वेळच्या पावानं भिंतीत खिळा ठोकता आला असता."

परतताना पुलाच्या अलीकडच्या खिडकीत चष्मा दोरीला बांधलेल्या एक प्रौढ बाई होत्या. माझ्या हातून झालेली चूक मला तिथे उभे राहिल्यावर कळली. आमच्यासारख्यांनाच ती शोभते: मी सामानाशिवाय निघालो होतो.

"पर्यटक?"

"हो."

"सामान दाखवा."

मी पिशवी फळीवर रिकामी केली.

"वा! चार पाव, एक छत्री आणि किल्ल्या. देश बघायला निघालात की वाण्याकडे?"

मागे रांगेत कोणीतरी हसले. माझी कानशिले तापली. बाईंनी जुडगा उचलला.

"ही कुठली?"

"राहतो तिथली. म्हणजे, उतरलोय तिथली."

"आणि ही लोखंडी?"

"घरची."

त्यांनी माझा अर्ज जवळ ओढला. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात नेहमीप्रमाणे लिएपायाची ती गल्ली होती, तो घर क्रमांक होता. गेली सहा वर्षे मी तो एकाच वळणदार अक्षरात लिहीत आलो होतो.

"या पत्त्यावर आज पत्र टाकलं, तर दार कोण उघडेल?"

मी पाव पुन्हा पिशवीत भरू लागलो. त्या माझ्या मनगटावरच्या दोऱ्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांच्या हातातला शिक्का कागदाच्या वर तसाच थांबला.

"तीस दिवस देते," अखेर त्या म्हणाल्या. "हे शेवटचं. इथं राहायचं असेल तर रीतसर परवाना काढा, नाहीतर घरी जा. पण आधी ठरवा."

शिक्का उमटला. सुटल्यासारखे मात्र वाटले नाही.

मावशींनी पाव दाबून पाहिला. "ताजा आहे. घेतलं ना आत?"

"तीस दिवस. शेवटचे."

परतलेल्याला पुन्हा बांधायचा असतो तो दोरा त्यांनी काढला आणि माझे मनगट मांडीवर घेतले. जुडगा माझ्या दुसऱ्या मुठीत होता. लोखंडी किल्ली तळहाताला रुतत होती.

"एकतीसच आलेत रे," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आईनं एक ठेवून घेतला वाटतं. पुन्हा हाक मारू?"

"आई तिथे नाही, मावशी," मी म्हणालो. "ती माझ्या बहिणीकडे असते. ते घर आम्ही तीन वर्षांपूर्वी विकलं."