वायरमनचा डावा बूट

“काढ बूट आणि बस गुमान. चिखल घेऊन माझ्या फरशीवर नाचू नकोस,” उस्ताद म्हणाले.

“बावीस वर्षं येतोय, एकदा तरी ‘ये बाबा, बस’ म्हणा की,” म्हणत वायरमनने स्टूल ओढलं आणि नाड्या सोडायला घेतल्या.

“बावीस वर्षांत एकदा तरी बूट पुसून आणलेस?”

“पुसून आणले तर तुम्ही काय कराल मग?”

उस्तादांची बायको मागच्या दाराशी बसून दोऱ्याला मेण लावत होती, ती हसली. दोघांचं हे दर वेळचं होतं. ते झाल्याशिवाय चहा टाकायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

उस्ताद कामाचे बूट बनवायचे. जाड चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, हाताने शिवलेले. दुकानात आरसा नव्हता, कारण बुटात आपण कसे दिसतो हे बघणारं गिऱ्हाईक त्यांना नकोच होतं. भट्टीवर काम करणारे, दगड फोडणारे, विजेच्या खांबांवर चढणारे, असली माणसं यायची. कुणी सकाळी माप द्यायला आलं की उस्ताद त्याला सरळ वाटेला लावायचे. “संध्याकाळी या. दिवसभर राबून पाय सुजतो, तो पाय घेऊन या. आणि कामावरचे मोजे घालून या, लग्नातले नकोत.” मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करायचं, प्रत्येक पाय वेगळा मोजायचा. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. ‘थोडे घट्ट आहेत, पण सैल होतील की,’ असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की झालं! “रुंदीला होतील. लांबीला काय तुझा बाप ओढणार आहे?”

बूट विकून त्यांचं समाधान होत नसे. दोन-तीन महिन्यांनी तो परत आणून दाखवायचा, ही अट. ब्रशने धूळ काढायची, ओल्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, मग बोटांनी चरबी चोळायची, तीही बेताची, शिवणीवर जरा जास्त. भट्टीवाल्या एकाने भिजलेले बूट भट्टीच्या तोंडाशी वाळवले होते. चामडं तडकलं. उस्ताद त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. तो बिचारा कौतुकाने सांगत फिरायचा की, बायको रुसली तरी इतकी रुसत नाही.

वायरमन लोकांच्या बुटांचा मामला आणखी निराळा. विजेत हात घालणाऱ्याच्या बुटात लोखंड राहू द्यायचं नाही, हा उस्तादांचा नियम. तळ शिवायचा तो मेणाच्या दोऱ्याने, टाचेला लाकडी मेखा. शिवताना तळ हलू नये म्हणून पाच बारीक खिळे तात्पुरते ठोकायचे आणि शिवण झाली की पाचही उपटून डबीत टाकायचे. शेवटी बायकोने बुटात हात घालून तळ चाचपायचा. हे काम तिचंच. चाळीस वर्षं आरी आणि रापी धरून उस्तादांच्या बोटांची कातडी टाचेसारखी झाली होती. तिची बोटं शाबूत होती.

वायरमनच्या बुटांना उस्तादांनी तीन आठवड्यांपूर्वी नवा तळ बसवला होता. त्या आठवड्यात बहिणीचं ऑपरेशन म्हणून बायको तिकडे गेली होती.

“नवा तळ कसा आहे?” उस्तादांनी विचारलं.

“झकास. खांबावर असा बसतो ना पाय! खात्याने परत फुकट बूट वाटले. मी कपाटात टाकले. पायात बादली घातल्यासारखं वाटतं.” वायरमनने चहाचा कप घेतला आणि नव्या साहेबाची गोष्ट सुरू केली. साहेब म्हणे शिडीची तिसरी पायरी चढला आणि वर जाऊ की खाली येऊ, हेच त्याला कळेना. “शेवटी त्याला कडेवर घेतल्यासारखा उतरवला हो!”

उस्तादांच्या बायकोने उजवा बूट पुसून बाजूला ठेवला. डावा घेतला, आतली माती काढायला हात घातला, आणि “आई गं!” करून झटकन बाहेर ओढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता.

“काय झालं गं?”

“खिळा आहे आत.”

“माझ्या बुटात खिळा?” उस्तादांना हसू आलं. “काटा असेल. हा बाबा कुठल्या कुठल्या झाडोऱ्यातून हिंडतो.”

“काटा आणि खिळा मला कळतो हो,” ती म्हणाली.

उस्तादांनी चष्मा लावला, बूट खिडकीशी नेला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे पायाचा सगळा भार पडतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढं टोक वर आलं होतं. भोवतीचं चामडं काळं आणि कडक झालं होतं. त्यांनी नखाने खरवडलं. तपकिरी, लालसर भुगा निघाला. मधे थोडं ओलंही होतं.

पाचवा खिळा. त्याचं डोकं तेवढं हातात आलं असणार आणि दांडा आत राहिला असणार. शेवटी आपणच हात फिरवला होता, हेही त्यांना स्वच्छ आठवलं. बोटांना काहीसुद्धा लागलं नव्हतं. ‘बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही,’ असं त्यांनी बायकोला फोनवर ऐकवलंही होतं.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली. तीन आठवडे. असल्या टोकावर माणूस तीन पावलं चालत नाही.

“मोजा काढ,” ते म्हणाले.

“कशाला? पाय चांगला आहे माझा.”

“काढ म्हणतो ना.”

मोजा निघेना. तळव्याला चिकटला होता. वायरमनने जोर लावून ओढला तेव्हा त्याबरोबर काहीतरी सुटून आलं आणि वास आला. उस्तादांच्या बायकोने पदर नाकाशी नेला आणि लगेच, त्याला वाईट वाटेल म्हणून, खाली सोडला. वायरमन स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याच्या सामानाकडे बघावं तसा बघत राहिला.

“अरेच्चा! हे कधी झालं?”

“दुखत नाही?”

“अजिबात नाही.” आधी हे तो ऐटीत म्हणाला. मग त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि कप खाली ठेवला.

“भाऊजी,” उस्तादांची बायको हळू आवाजात म्हणाली, “साखर तपासली होती का कधी?”

मग सगळं एकदम बाहेर आलं. साखर आहे हे दोन वर्षांपासून माहीत होतं. बायकोला सांगितलं नव्हतं. गोळ्या कपाटात, खात्याच्या बुटांमागे ठेवलेल्या, आठवण झाली की घ्यायचा. वर्षभर पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटत होतं.

“आणि असा खांबावर चढतोस?” उस्तादांचा आवाज चढला.

“हातांच्या जोरावर चढतो. पाय कुठे ठेवायचा ते बघून ठेवतो. जमतं.”

“जमतं म्हणे! एक दिवस धाडकन खाली येशील!”

“हळू बोला हो.” वायरमनने दाराकडे पाहिलं. “हे बघा, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पायाचं कळलं तर मला वर जाऊ देणार नाहीत. गोदामात बसवतील, वायरची भेंडोळी मोजत. अठ्ठावीस वर्षं मी वर काढलीत उस्ताद, मला खाली काही येत नाही.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही खिळा उपटा. मी पट्टी बांधतो. तुमच्या खिळ्याबद्दल मी ब्र काढणार नाही, माझ्या पायाबद्दल तुम्ही काढू नका. कुणाचंच नुकसान नाही.”

खोटं कशाला बोला, उस्तादांना ते ऐकून हायसं वाटलं. विजेच्या खात्यातली तीस-पस्तीस माणसं त्यांच्याकडे बूट करायची, ती याच एका विश्वासावर. ‘उस्तादाच्या बुटात खिळा निघाला’ एवढी बातमी पुरे होती. त्यांनी पक्कड घेतली, टोक धरलं आणि खिळा ओढून काढला. जेमतेम बोटाच्या पेराएवढा. खिशात टाकला असता तर दिसलाही नसता.

बायकोने गरम पाण्याचं भांडं आणून वायरमनच्या पायाशी ठेवलं, आणि पाणी हाताने बघितलं, कारण त्याला ते कळणार नव्हतं. उस्ताद हे बघत होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी दोन्ही बूट उचलले, कपाटात ठेवले आणि किल्ली फिरवली.

“बूट द्या,” वायरमन म्हणाला.

“देणार नाही.”

“माझे आहेत ते!”

“असू देत. चल, दवाखान्यात जाऊ.”

“मी येणार नाही.”

“मग अनवाणी जा घरी.”

वायरमन उठला. “चूक तुमची. तुमच्या मनाला टोचणी लागली म्हणून माझी रोजी घालवताय. स्वतःचं पाप धुऊन घ्यायचंय तुम्हाला!”

“असेल तसं,” उस्ताद म्हणाले. “पण चल.”

उस्तादांच्या बायकोने हात जोडले तेव्हा तो निघाला. रस्ताभर गाडीत तो एका खिडकीतून बाहेर बघत होता आणि उस्ताद दुसऱ्या.

डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? वायरमनने तयारीच केली होती. “काच होती हो रस्त्यात, सकाळी…” उस्तादांनी खिशातून खिळा काढून टेबलावर ठेवला. “मी बनवलेल्या बुटात राहिला होता. माझ्या हातून. तीन आठवडे हा त्याच्यावर चालला, त्याला पत्ता नाही.”

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण चेहऱ्यावर काही दाखवत नव्हत्या. त्यांनी वायरमनला डोळे मिटायला सांगितले. “टोचलं की सांगा हं.”

वायरमनच्या कपाळावर घाम आला. शाळेत उत्तर आठवत नसलेल्या मुलासारखा तो बसला होता.

“आत्ता,” तो म्हणाला. “आत्ता टोचलं. अंगठ्याला.”

डॉक्टर बाईंनी सुई अजून हातातही घेतली नव्हती. उस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं. आणखी आठवडा गेला असता तर तेही वाचलं नसतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. वायरमनने ते ऐकून घेतलं आणि उस्तादांशी बोलणं टाकलं. इस्पितळात उस्ताद चार वेळा गेले, चारही वेळा तो भिंतीकडे वळून झोपला. खात्याचा कागद आला: वर चढायचं काम बंद.

इकडे उस्तादांनी नवीनच खूळ काढलं. विजेच्या खात्यातलं कुणी दुकानात आलं की माप घेण्याआधी सांगायचे, “माझ्या हातून एकाच्या बुटात खिळा राहिला होता. चालत असेल तर पाय पुढे करा.” काहींनी पाय पुढे केला, काही घड्याळ बघून निघून गेले.

“अहो, दवंडी कशाला पिटताय?” बायको एकदा वैतागली. “जो येतो त्याला तेच! पोटावर पाय आणाल अशाने.”

“त्याला चारचौघांत खाली उतरवलं मी,” उस्ताद म्हणाले. “मग मी तरी वर कशाला बसून राहू?”

ती परत दोऱ्याला मेण लावायला बसली.

चौथ्या महिन्यात डॉक्टर बाईंनी निरोप दिला की, जखम भरली, आता नीट मापाचा, आतून कुठे शिवण न लागणारा बूट हवा. वायरमन दुकानात येईना. तेव्हा जन्मात दुकानाबाहेर माप न घेतलेले उस्ताद फीत, कागद आणि पेन्सिल घेऊन घराबाहेर पडले. विचारत विचारत एका वळणावर त्यांना खात्याची गाडी दिसली. वायरमनने गोदामात बसायला नकार दिला होता. खालचं काम देणार असाल तर खांबाखालचं द्या, म्हणाला होता. पायात इस्पितळाची जाड सपाट चप्पल घालून तो शिडी धरून उभा होता. वर त्याचा जुना जोडीदार चढत होता.

“माप घ्यायला आलोय,” उस्ताद म्हणाले.

वायरमनने वळून पाहिलं नाही.

“उस्ताद? तुम्ही, आणि रस्त्यावर?” वरून जोडीदार ओरडला.

“खाली काय बघतोस? हाताकडे बघ!” वायरमन त्याच्यावर खेकसला. उस्ताद फीत हातात धरून उभे. एक-दोन माणसं बघून पुढे गेली. एवढ्या वर्षांत इतका वेळ कुणासमोर ते तोंड मिटून उभे राहिले नव्हते.

“सहाला सुटतो मी,” अखेर वायरमन म्हणाला. “थांबायचं तर थांबा.”

“थांबतो.”

“नुसते उभे काय राहताय? इकडची माती भुसभुशीत आहे. धरा ही बाजू.”

उस्तादांनी फीत खिशात कोंबली आणि शिडी धरली.

“दोन्ही हातांनी. वर माणूस आहे.”

त्यांनी दोन्ही हातांनी धरली. जोडीदार आणखी वर सरकला. वायरमनची मान वर होती, डोळ्यांवर ऊन येत होतं तरी त्याने हात आडवा धरला नाही. त्याचे ओठ हलत होते. उस्तादांनी नीट कान दिला तेव्हा ऐकू आलं, “डावा पाय… हां. आता उजवा. पट्टा अडकव. आता लाव हात.”