गावी सर्व कुशल

जामखेडच्या कचेरीतून आलेलं उत्तर नृसिंह मास्तरांनी पारावर उघडलं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा टँकरसाठी तीन पानी अर्ज त्यांनीच लिहिला होता. त्यांच्यासारखं लिहिणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे मास्तरांनाही चांगलं ठाऊक होतं.

"वाचा की, गुर्जी," छबूबाई म्हणाली. आठ दिवसांपूर्वी तिची सून तळातलं पाणी खरवडायला विहिरीत उतरली आणि अंगावर दरड कोसळली.

मास्तरांनी वाचलं, "गावी सर्व कुशल असल्याचे आपणच कळविले आहे. सबब टँकरची निकड दिसून येत नाही."

काय ही मेली हाताची खोड! जन्मभर प्रत्येक पत्र त्यांनी त्याच ओळीने सुरू केलं होतं, तसाच हा अर्जही.

"दुसरा लिवा. मी सांगते तेवढंच," छबूबाई म्हणाली. "लिवा, माजी सून पान्यापायी मेली."

मास्तरांचं पेन थबकलं. "अगं, साहेबांना असं एकदम कसं लिहायचं? आधी दोन शब्द..."

"ती बी एकदमच मेली, गुर्जी."