काठीच्या वाटेवरचा बाजार

स्पीकर: नमस्कार! आशियाच्या रात्रबाजारात स्वागत. जपान डावीकडे, व्हिएतनाम उजवीकडे, मंगोलिया कॅन्टीनच्या मागे. चपला काढू नका, गवतात काटे आहेत.

स्पीकरवर पियूष. कॉलेजच्या मैदानात अनुष्का, एका हातात कात्री, दुसऱ्यात सुतळी. नांदेडहून शिकायला आलेली, भुकूमला खोली घेऊन राहणारी, आणि या बाजाराची प्रमुख. वर्षभर मागे लागून तिने परवानगी मिळवली होती. प्राचार्यांनी अट एकच घातली: गावातून एक जरी तक्रार आली, तर हा पहिला बाजारच शेवटचा.

म्हणून आवाज बारीक. म्हणून गाड्या कुंपणाच्या आत. म्हणून पौर्णिमा. चंद्र फुकट, आणि त्याच्याबद्दल तक्रार कोण करणार?

डोक्यावर कागदी कंदील. जांभळाच्या झाडापासून कॅन्टीनच्या गच्चीपर्यंत विजेची एकच लांब तार, सगळे कंदील तिलाच. लाल, लाल, लाल, मध्येच एक निळा. लाल कागद संपला होता.

मग ढोल.

स्पीकर: हा ढोल आपला आहे का? अनुष्का, हा कोणता देश?

मागचं गेट उघडलं. उघडणारा वॉचमन हात जोडून बाजूला झाला. आत आली पालखी. पालखीपुढे काठी: झेंडूच्या माळा गुंडाळलेला उंच बांबू, टोकाला मोरपिसं. काठी धरलेले म्हातारे कोंडिबा तारेपाशी आले आणि थांबले.

"कुनी बांधलं हे?"

"मी. म्हणजे आम्ही. काका, तुम्ही जरा..."

"आजोबा म्हन. काका म्हनून घ्यायला तोंडात दात लागत्यात."

मागे हशा.

"आजोबा, बाजूने नेता का? किंवा काठी थोडीशी वाकवून?"

हशा थांबला. ढोलही.

"देवळातनं उचलली की परत देवळात जाईस्तवर काठी वाकत न्हाई. आन वाट बदलत न्हाई. ही जमीन कालेजाला दिली तवाच ठरलंय. चैती पुनवंला वाट मोकळी."

अनुष्काने मान वळवली. व्हिएतनामच्या स्टॉलवर रेश्मा केळीच्या पानात गोड भात बांधत होती. ती याच गावची, कोंडिबांची नात.

"रेश्मा! सांगितलं का नाहीस?"

"ताई, पुनवेला पालखी असते हे काय सांगायचं असतं? मला वाटलं, म्हणूनच तुम्ही पौर्णिमा धरलीत. कॉलेजवाले पालखीसाठी कंदील लावणार म्हणून आई गावभर सांगून आली."

गावभर.

पालखीमागे खरंच अख्खं गाव होतं, नवी लुगडी, कडेवर पोरं, आणि सगळे वर बघत होते. कंदिलांकडे.

"तार तोडली तर बाजार संपला," पियूष धावत येऊन म्हणाला. "दुसरी तार नाही आपल्याकडे. अंधारात कोण थांबेल?"

मंगोलियाच्या स्टॉलवर प्राचार्य घास हातात धरून उभे होते. तिथल्या मुलांनी मटणाच्या पातेल्यावर घाईघाईने झाकण ठेवलं.

कात्री अनुष्काच्या हातात होतीच.

"पियूष, आधी बटण बंद कर."

आणि मग



अंधार.

"अगं बाई!" "पोराचा हात धर!" "माझे मोमो!"

तार सळसळत गवतावर उतरली. आता फक्त चंद्र. अनुष्काने खाली बसून चाचपडत एक कंदील सोडवला, मोबाइलची बॅटरी लावली, मोबाइल कंदिलात सरकवला आणि कंदील डोक्यावर धरला. निळा निघाला.

शेजारी लाल. मग जपानचा. मग कोरियाची पोरं, दोन्ही हातांत. ज्यांना कंदील मिळाला नाही, त्यांनी नुसतेच मोबाइल धरले. वाटेच्या दोन्ही कडांनी उजेड उभा राहिला, थोडा थरथरता, कारण हात भरून येतात.

ढोल सुरू झाला. मधून काठी गेली, ताठ.

व्हिएतनामसमोर पालखी टेकली. दर वर्षी ती तिथेच टेकते. रेश्माने पान उलगडून देवापुढे ठेवलं, मग कोंडिबांना एक घास भरवला. त्यांचे हात काठीला होते.

"गूळ कमी हाय."

"आजोबा, तिकडं असाच करतात."

"मग तिकडच्यांना सांग."

प्राचार्य पुढे आले. "कोंडिबा, गावाची काही तक्रार?"

"हाय की."

अनुष्काचा कंदील खाली आला.

"तार लई खाली बांधली पोरांनी. पुढल्या साली उंच बांधा. आन कंदील थोडे हुते, आमच्या बायांना धराय मिळाले न्हाईत."

प्राचार्यांनी अनुष्काकडे पाहिलं. "ऐकलंस? उंच."

पालखी उठली, पण निम्मं गाव मागेच राहिलं, मोमोकडे संशयाने बघत.

स्पीकर: बाजार चालू आहे. दिवे नाहीत, त्यामुळे काय खाताय ते विचारून खा. आणि कुणाकडे उंच शिडी असेल, तर पुढच्या वर्षीसाठी...

"माज्याकडं हाय!" गेटाबाहेरून कोंडिबा ओरडले.