उतारावरचं मीठ

दुर्सुनने घण उचलला आणि गोठ्यातला मिठाचा दगड फोडला. मेंढ्यांनी चाटून चाटून त्याला मधोमध खळगा पाडला होता.

कार्स शहराहून आलेली दवाखान्याची गाडी उताराच्या पायथ्याशी अडकली होती. बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक मोठ्या रस्त्यापुरताच येई. गावच्या उतारावर नुसती बर्फाची काच. आजारी बायकोला उचलून न्यावं, तर पाय घसरला की थेट दरी. थंडी अशी, की शिवी हासडली तरी तोंडातून निव्वळ वाफ निघे.

आत झेकियेची छाती भात्यासारखी वाजत होती.

“अहो, पनीर मुरवायचं मीठ तेवढं ठेवा,” ती अंथरुणातून म्हणाली. “सगळं रस्त्याला घालाल आणि वसंतात बसाल बोंबलत.”

“तू परत ये. दोघं मिळून बोंबलू.”

त्याने पनीरचं मीठही नेलं. घराघरांतल्या गोठ्यांतून मिठाचे दगड आले. शेवटचा बेकताश मेंढपाळाने आणला.

“दुर्सुनदादा, आता डोंगराचं लोणचंच होणार!”

दुपारपर्यंत बर्फाखालून काळा रस्ता दिसू लागला. झेकियेला गोधडीत गुंडाळून घसरगाडीवरून उताराच्या तोंडाशी आणलं. खालून गाडी निघाली. आणि बेकताशने, रोजच्या सवयीने, गावचा कळप झऱ्यावर सोडला.

कालपासून मिठाला तोंड न लागलेल्या मेंढ्या झऱ्याकडे वळल्याच नाहीत. अख्खा कळप रस्ता चाटत उभा राहिला. भोंगा वाजला, काठ्या बसल्या. एक मान वर होईना. हुसकायला धाडलेला कुत्राही शेवटी चाटू लागला, असं गावकरी आजही शपथेवर सांगतात.

“हला ना गं, भवान्यांनो!” शेपट्या ओढता ओढता बेकताश रडत होता.

एक लंगडी मेंढी मात्र घसरगाडीपाशी आली. झेकियेनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. तिने झेकियेच्या कपाळावरचा वाळलेला घाम चाटला.

एरवी अशा वेळी झेकिये कोपर मारायची. “हट मेले! मी काय मिठाचा दगड आहे?”

दुर्सुन त्या वाक्याची वाट पाहत राहिला.

मेंढीने गाल चाटले. मग पापण्या. त्या लवल्या नाहीत.

“दादा, सुटला रस्ता! गाडी येतेय वर!” खालून बेकताश ओरडला.

दुर्सुनने मेंढीला हाकललं नाही.