थोरला भांडण विसरला

थोरला धाकट्याच्या ओसरीवर जाऊन जेवायला बसला, त्या सकाळी अख्ख्या आळीनं हातातली कामं टाकली. मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती, उरलेल्या गालावरचा फेस तसाच ठेवून कुंपणाशी आलो.

येणारच की. बारा वर्षं या सख्ख्या भावांत बोलणं नव्हतं, आणि माझं घर नेमकं दोघांच्या मधे. इकडचे निरोप तिकडं मीच पोचवायचो. धाकटा म्हणायचा, "त्याला सांग, त्याची शेळी माझ्या वांग्यात शिरली." थोरला म्हणायचा, "त्याला सांग, शेळीला वांगी आवडली नाहीत, सकाळपासून तोंड वाकडं करून बसलीय."

भांडण पाण्यावरून. विहीर दोघांची, पाण्याचे दिवस वाटून घेतलेले. एका कडक उन्हाळ्यात थोरल्याची मिरची उभ्या उभ्या वाळली, तेव्हा विहिरीवर चार लोकांसमोर तो धाकट्याला म्हणाला, "पाणीचोर!" पुढं आठ दिवसांनी कळलं, की पाइप जमिनीखाली फुटला होता आणि सगळं पाणी ओढ्याला जात होतं. पण थोरला शब्द मागं घेईना. धाकट्यानंही सांगून टाकलं, "चार लोकांत म्हणालास, चार लोकांत मागं घे. तोवर तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसले दोघे.

आणि आज थोरला मांडी घालून बसलेला. वर म्हणतो, "वाढ रे लवकर. आणि आईला सांग, मीठ बेतानं घाल."

आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

धाकटा हातात तांब्या घेऊन खांबासारखा उभा. माझ्याकडं बघून ओरडला, "ह्याला सांग, हे माझं घर आहे!"

मी सांगितलं.

"मग दुसऱ्या कुणाचं असणार?" थोरला म्हणाला. "येडाच आहे. वाढ."

तेवढ्यात थोरल्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, शेणाच्या हातांनीच धावत आली.

"भावजी, राग मानू नका. ह्यांना हल्ली काही धड आठवत नाही. काल कुऱ्हाड पिठाच्या डब्यात ठेवली. परवा मलाच विचारतात, बाई, तुम्ही कुणाकडच्या? चाळीस वर्षांचा संसार, आता सांगू तरी काय? म्हटलं, इथलीच, भांडी घासायला येते. तर म्हणतात, काम चांगलं आहे हो तुमचं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं माझं."

बोलताना ती हसत होती, पण डोळे लाल होते. किती दिवसांत नीट झोपली नव्हती कोण जाणे.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्यांनी अल्झायमर सांगितला. ते नाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना. एका म्हातारीनं तर "कोण ही आलझाबाई, आणि थोरल्याच्या मागं का लागली?" असं विचारलं. वहिनीला मात्र सगळं नीट समजलं होतं. डोक्यातल्या पेशी एकेक करून विझत जातात. गोळ्यांनी रोगाची चाल थोडी मंदावते, पण गेलेलं परत आणणारं औषध अजून कुणाकडं नाही. जगभर शोध चाललाय.

मी हे धाकट्याला सांगितलं. तो आळं करत होता, खुरपं हातातच राहिलं.

"म्हणजे भांडण विसरला?"

"साफ."

"असं कसं विसरेल? मग बारा वर्षं मी काय एकट्यानंच भांडत होतो?" खुरपं आपटून म्हणाला, "ते काही नाही. बरा झालाच पाहिजे. बरा होऊ दे, मग बघतो त्याला!"

तेव्हापासून दर चार दिवसांनी मला विचारायचा, "सापडलं का औषध?" जणू औषध म्हणजे दावं तोडून पळालेली शेळीच.

थोरला रोज यायचा. धाकटा ताट वाढायचा, पण बोलायचा नाही. पण गप्प राहूनही चालेना. उत्तर मिळालं नाही की थोरला उठायचा आणि दिसेल त्या वाटेनं चालू लागायचा. एकदा भर उन्हात ओढ्यापलीकडं सापडला, अनवाणी. वहिनी तीन तास हाका मारत फिरली होती. परत आल्यावर ती माझ्या कुंपणाला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपी गेली. तोंड उघडं, हातात नवऱ्याची एक चप्पल.

धाकट्यानं ते बघितलं. सवयीनं मला म्हणाला, "तिला सांग..." आणि अडखळला. मग स्वतःच तिच्यापुढं जाऊन बसला.

"वहिनी, उद्यापासून सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तो माझ्याकडं. तुम्ही झोपा."

वहिनी दचकून जागी झाली. "भावजी, तुम्ही बोललात!"

"तुमच्याशी बोललो. त्याच्याशी नाही."

पण दिवसभर माणूस शेजारी बसवायचा आणि बोलायचं नाही, हे कसं जमणार? दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं तोंड उघडलं, पण मुद्दा सोडला नाही. मला साक्षीला बोलावून थोरल्याला म्हणाला, "म्हण, मी शब्द मागं घेतला."

"घेतला," थोरला लगेच म्हणाला.

"कुठला शब्द?"

"तू म्हणशील तो. सगळे घेतले. आता वाढतोस का?"

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "ह्या माफीचं काय लोणचं घालू?"

असे दोन-तीन महिने गेले. विहिरीवरची मोटार बिघडली म्हणून मोटारवाला दुरुस्तीला आला. चार माणसं जमली, नेहमीचं टवाळ मंडळ. थोरला काठावर शेंगा सोलत होता. दाणे खाली टाकत होता आणि टरफलं जपून टोपलीत ठेवत होता. धाकटा न बोलता दाणे वेचत होता.

मोटारवाला तोंडाचा फटकळ. पाणी बघून म्हणाला, "एवढं खाली कसं गेलं? धाकट्यानं ओढलं असेल. पाणीचोर ना तो!"

टोपली उडाली. थोरला उठला आणि मोटारवाल्याचाच लोखंडी पाना उचलून त्याच्या मागं धावला. सत्तरीचा माणूस, पण विशीतल्यासारखा!

"माझ्या भावाला चोर म्हणतोस? अरे, तो माती खाईल पण दुसऱ्याचं घोटभर पाणी घेणार नाही! कुणी सांगितलं तुला? नाव सांग, त्याची जीभ हासडतो!"

मोटारवाला मोटारीच्या खोपटामागं लपून ओरडला, "अहो, तुम्हीच म्हणाला होतात!"

"मी? खोटारड्या! माझ्या तोंडून असं निघेल?"

लोक पोट धरून हसायला लागले. एकजण तर चिखलात बसला. मी पाना काढून घेतला, थोरल्याला पाणी पाजलं आणि वळून बघितलं, तर धाकटा सगळ्यांकडं पाठ करून बांधावर बसलेला. खांदे हलत होते. मला वाटलं, हाही हसतोय. जवळ गेलो. हसत नव्हता.

मागं न वळताच त्यानं विचारलं, "चार लोक होते ना?"

"मोटारवाला आणि मी धरून सहा होते. मी मोजले."

"बस झालं." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "दोन जास्तच."

त्यानंतर त्यानं औषधाची चौकशी थांबवली असेल, असं मला वाटलं. पण उलटंच झालं. वहिनीला डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांच्या दवाखान्यात या आजारावर अभ्यास चालला होता आणि त्यांना रोग्यांची सख्खी भावंडं हवी होती. रक्त घेणार, आठवण तपासणार. सुई म्हटलं की धाकटा गोठ्यात लपणारा माणूस. तरी म्हणाला, "जाऊ या. आईपण शेवटी अशीच करायची. आम्ही म्हातारपण समजलो."

आम्ही चौघं गेलो. रक्त देताना धाकट्यानं डोळे मिटून थोरल्याचा हात धरला. थोरला सुईवालीला दटावत होता, "हळू गं, लहान आहे तो!"

मग डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारले. धाकटा ताठ बसून म्हणाला, "घोडा, कुलूप, मीठ, खिडकी, पाऊस." पाचही बरोबर. केवढा मोठा सुस्कारा सोडला त्यानं! मग मान खाली घालून विचारलं, "बाई, ह्याला उपयोग होईल ना?"

"यांना होईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "औषध मिळायला वेळ लागेल. पण पुढच्या लोकांना होईल, अशी आशा आहे."

धाकट्यानं थोरल्याकडं बघितलं. "होऊ दे. तेही कुणाचे तरी भाऊच असतील. आणखी रक्त लागलं तर सांगा. पण सुई बारीक ठेवा."

परतीच्या गाडीत वहिनी बसल्या बसल्या झोपली. दोघे भाऊ खिडकीशी, मी त्यांच्या मागच्या बाकावर. थोरला दर दोन मिनिटांनी विचारायचा, "कुठं चाललोय रे आपण?" पहिल्यांदा धाकटा म्हणाला, घरी. मग म्हणाला, बैल बघायला. मग समुद्र बघायला. मग तुझं लग्न ठरवायला. त्यावर थोरला लाजला आणि झोपलेल्या वहिनीकडं बोट दाखवून हळूच म्हणाला, "ही कशी आहे?"

"कजाग आहे," धाकटा म्हणाला.

"असू दे," थोरला म्हणाला, "काम चांगलं आहे तिचं."

वहिनीनं डोळे उघडले नाहीत, पण ओठ दाबून धरले होते, ते मला दिसलं. गाडी वळणावर कलली, दोघे एकमेकांवर आदळले, आणि थोरल्यानं पुन्हा विचारलं, "कुठं चाललोय रे?"

धाकटा सरसावून बसला. अजून बरीच गावं जायची होती.