बाजार उठायच्या आत

ॲम्प्लिफायर चालू होत नाही म्हटलं की गिऱ्हाईक आधी त्या डब्यालाच शिव्या देतं. वायरिंग स्वतःच केलेलं असतं, पण नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी भोकरच्या बाजारात हरिओमनं जीप माझ्या रिपेअरिंगच्या दुकानासमोर करकचून उभी केली आणि डब्यावर मूठ आपटली, तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावणारच होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोकडे, आरतीकडे, नजर गेली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तय्यबभाई, माय हरवली," हरिओम म्हणाला. "सकाळपासून हुडकून राहिलो. पोलिसात सांगितलं, स्टँड पाहिला. आता माइकवर पुकारावं म्हणलं, तर हा डब्बा चालूच होत न्हाई."

त्याच्या आईला, धुरपताबाईला, मी ओळखत होतो. वर्षभरापासून तिला विसरायचं दुखणं लागलं होतं. सुनेला परकी समजायची, गाठोडं बांधून इस्लापूरला माहेरी निघायची. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. बाजार उठला की गावोगावच्या जीपा भरून निघतात. त्यातल्या एखादीत म्हातारी बसली तर शोधायची कुठं? ऊन उतरायला लागलं होतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून आधी बॅटरी पाहिली. चांगली होती. फ्यूजही शाबूत. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून टोक ॲम्प्लिफायरच्या प्लसवर टेकवलं, दिवा लागला. टेप सुरू केला की ॲम्प्लिफायरला जागं करणारी एक बारीक वायर असते, तिच्यावरही लागला. मग चिमटा बॅटरीवरून काढून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला लावला, तर दिवा मेला.

"हरिओमभाऊ, गाडीला रंग कधी दिला?"

"दसऱ्याला. पूजेच्या आधी."

"आणि अर्थिंगच्या वायरचा बोल्ट पत्र्यावरच्या रंगावरच आवळला?"

 इतका राग आला मला! रंगाच्या जाड थरातून करंट जाणार कसा? कानस घेतली, पत्रा लख्ख होईपर्यंत खरवडला आणि बोल्ट आवळला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला, टपावरचे स्पीकर खरखरले. आरतीनं हात जोडले. सापडली म्हातारी, असंच मलाही वाटलं. दुकान उघडं टाकून जीप मीच चालवायला घेतली.

"धुरपताबाई! जिथं असाल तिथून जीपकडं या!" हरिओम पुकारत होता. भाजीच्या, कापडाच्या, मिरचीच्या ओळींतून आम्ही हळूहळू फिरलो. मग त्याला राहवेना. "माय! ए माय!" बाजारातल्या कितीतरी बायांनी वळून पाहिलं. त्यांत ती नव्हती.

समोरून भरलेल्या जीपा एकामागून एक निघू लागल्या. आरतीनं मागून त्याचा खांदा हलवला. "अहो, आत्याबाई या नावाला ओ देत न्हाईत आता. परवा हाक मारली तर म्हणल्या, कोण धुरपता? मी न्हाई ती. त्यांचं माहेरचं नाव पुकारा."

"माहेरचं?" हरिओम म्हणाला.

त्यांच्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माझी अम्मी बानो म्हणून आमच्या घरात आली आणि बानो म्हणूनच कबरीत गेली. त्यामुळे ही अडचण माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी ब्रेक दाबला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"दादांनी, माझ्या बापानं, लिहिलं हे नाव. दादा गेले, मामा गेले," तो म्हणाला. "आधीचं नाव काय होतं, मायला मी कधी विचारलंच न्हाई, तय्यबभाई."

माइक त्याच्या तोंडाशीच होता. ते शब्द दोन्ही स्पीकरमधून उठत्या बाजारभर खणखणीत ऐकू गेले. कोणीच ओ दिली नाही.